डब्यामागची दुसरी वायर

ती केस आठवली की आजही आरोपीच्या आधी मला माझा स्वतःचा पंचनामा आठवतो. त्यातलं एक वाक्य मी ऐटीत उभी राहून हवालदाराला लिहून घ्यायला सांगितलं होतं: ‘कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर एक, काळ्या रंगाचा, चालू स्थितीत, व सोबत वायरींचे एक भेंडोळे.’

भेंडोळे. निम्म्याहून जास्त नोकरी झालेल्या पोलीस निरीक्षक बाईचा हा शब्द. कुठली वायर कुठल्या छिद्रातून काढली याचा एका अक्षराने उल्लेख नाही. मी सगळ्या वायरी स्वतःच्या हाताने उपटल्या, लोकर गुंडाळावी तशा कोपराला गुंडाळल्या, वर सुतळी बांधली आणि पंचांच्या सह्या घेतल्या. आता घरात टीव्हीमागची वायर काढायची झाली की नातवंडं मला हात लावू देत नाहीत. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, पण बरोबर सांगितलंय.

नावं कुणाचीच लिहीत नाही. दुष्काळाची वर्षं होती. शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं, पाण्याची बोंब मात्र हीच. जालना रोडला रोज नवी इमारत उभी राहायची आणि जुन्या शहरात लोक पाण्याच्या टाक्यांना कुलपं लावायचे. आमच्या ठाण्याला त्या काळात सोन्याच्या चोरीपेक्षा पाण्याच्या भांडणाच्या तक्रारी जास्त. टँकरचा पाइप आधी कुणाच्या टाकीत, यावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत.

एका सकाळी ठाण्यात दोघं जण आले. पुढे एकवीस वर्षांची मुलगी, हातात कपड्यांची भरलेली बॅग. मागे तिचा बाप, करमाडच्या पलीकडचा मेंढपाळ. तो मुलीला गावी घेऊन जायला आला होता. बसस्टँडला जायच्या रस्त्यावर तिने रिक्षा ठाण्याकडे वळवायला लावली होती. बाप दारातच थांबला. पोरीने आपल्याला पोलिसात आणलं, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं.

मुलगी औरंगपुऱ्याजवळच्या एका खासगी वसतिगृहात राहायची. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर. गेल्या काही आठवड्यांपासून तिच्या बापाला निनावी फोन यायचे. माळावर मेंढरांमागे असतानाच यायचे. फोन करणारा हलक्या आवाजात बोलायचा आणि जे सांगायचा ते चोख असायचं. आज तुमच्या मुलीने हिरवा ड्रेस घातलाय. दुपारी टाकीच्या कट्ट्यावर बसून फोनवर हसत होती. काल केस मोकळे सोडून बसली होती. शेवटच्या फोनला त्याने धमकीच दिली होती: पोरगी घरी न्या, नाहीतर तुमच्या सगळ्या भावकीला कळवतो.

“अन् मी पोरीला इचारलं,” बाप दारातूनच म्हणाला, “तवा हिरवा ड्रेस घातला व्हता का. तर व्हय म्हणली. मंग खोटं काय हाय त्यात, बाई?”

इथे त्या वेळच्या इन्स्पेक्टर बाईंनी, म्हणजे मी, दुसरा शहाणपणा केला. मुलीला आत घेऊन दरडावून विचारलं, कट्ट्यावर बसून फोनवर कुणाशी हसत होतीस ते सांग. मला वाटलं, तिथून धागा मिळेल. खरं सांगायचं तर मला वाटलं, मुलगा असेल आणि त्याचाच कुणी मित्र हे करत असेल. मुलीने बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, “ते तुम्हाला सांगायचं आसंल, तर मंग त्या माणसाचं काय चुकलं, मॅडम?”

पोलिसाला उलटा प्रश्न. मला राग आला. पण तिच्या पुढच्या प्रश्नाने राग बाजूला ठेवावा लागला. ती म्हणाली, मी कट्ट्यावर बसते ते कुणाला दिसतं? तिन्ही बाजूंनी दोन पुरुष उंचीच्या भिंती आहेत आणि चौथ्या बाजूला आमचंच दार.

मी बापाला म्हटलं, मला थोडा वेळ द्या.  तो म्हणाला, पुढच्या आठवडी बाजारापर्यंत थांबतो, त्यानंतर पोरगी घरी. परीक्षा त्याच्याही नंतर होती. म्हणजे माझ्या हाती एक आठवडा, आणि त्या मुलीच्या हाती तिचं सगळं शिक्षण.

वसतिगृह पाहिलं. रस्त्याच्या बाजूला मालकाचं घर, त्याच आवारात मागे मुलींच्या खोल्या आणि त्यांच्यामागे ते बंदिस्त अंगण, पाण्याची टाकी, कट्टा. टाकीतलं पाणी चोरीला जायला लागलं तेव्हा मालकाने आवारात चार कॅमेरे बसवले होते, त्यातला एक थेट टाकीवर. मुलींनी तेव्हा हरकत घेतली होती. आम्ही तिथं कपडे धुतो, केस धुतो, कॅमेरा कोण बघणार? ही हरकत घेणाऱ्यांत पुढे हीच मुलगी होती. तिने अट घातली: रेकॉर्डरचा डबा वसतिगृह सांभाळणाऱ्या मावशींच्या खोलीत राहील आणि पासवर्ड फक्त मावशींना माहीत असेल. मालकाने सगळ्यांसमोर हसत मान्य केलं. मुली मालकांना काका म्हणायच्या. कारखान्यातून निवृत्त झालेले, विधुर, कपाळाला गंध, बोलणं मऊ. मोबाइलची रिंग बदलायची असली तरी मुलींना हाक मारायचे.

त्यानंतर या मुलीचं आणि काकांचं एकदाच वाजलं होतं. टँकर आला की पाइप आधी काकांच्या टाकीत जायचा आणि उरलेलं मुलींना. हिने मुलींना गोळा करून पाइप आधी मागच्या टाकीत लावायला लावला. काका तेव्हाही हसलेच होते.

हे सगळं मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं. पण मी कुठे ऐकत होते? माझं गणित सोपं होतं. अंगण फक्त कॅमेऱ्याला दिसतं, कॅमेरे डब्यात दिसतात, डब्याचा पासवर्ड मावशीकडे. म्हणजे मावशी. किंवा डबा बसवणारा. मग आमची नेहमीची रीत: वस्तूवर संशय आला की वस्तू जप्त. इथे ते भेंडोळं झालं.

फोन ज्या सिमवरून यायचे ते एका मजुराच्या नावावर होतं. त्याचं सिम कधीच हरवलं होतं आणि त्याने तक्रारही दिली नव्हती. टॉवर औरंगपुऱ्याचा. त्या बाजारात एका टॉवरखाली किती माणसं फिरतात हे दिवाळीच्या आठवड्यात जाऊन पाहावं.

मावशींची चौकशी केली. त्या इतक्या रडल्या की महिला शिपाईच त्यांच्यासाठी चहा घेऊन आली. कॅमेरे बसवणाऱ्याला शहागंजच्या त्याच्या दुकानातून बोलावलं. तो रडला नाही, चिडला. “मैंने डब्बा लगाया मॅडम, चालू करके दिया, निकल गया. पासवर्ड मावशीने खुद डाला, मेरे को मुंह फेरने को बोली. अब पानी चोरी हुआ तो भी मैं, फोन आया तो भी मैं?” त्याला अर्धा दिवस बाकड्यावर बसवून ठेवला. माझ्या अनुभवात, खोटं बोलणारा माणूस बाकड्यावर बसला की हळूहळू मवाळ होतो, खरं बोलणारा हळूहळू जास्त तापतो. हा संध्याकाळपर्यंत उकळायला लागला होता. सोडून दिला.

काका मात्र रोज ठाण्यात यायचे. डबा कधी परत मिळेल, मुलींच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, असं म्हणायचे. ठाणे अंमलदाराला वाटायचं, किती काळजीचा माणूस. मलाही वाटायचं.

डबा सायबर विभागाच्या एका तरुण महिला उपनिरीक्षकाकडे दिला होता. पोरगी हुशार आणि जिभेने तिखट. तिने सांगितलं, डब्याच्या नोंदीत मावशींशिवाय कुणीही आत आलेलं नाही. मी म्हटलं, मग मावशीच. 

त्याच दुपारी वसतिगृहातल्या दोन मुली मावशींना सोडा म्हणून सांगायला आल्या. मावशी अटकेत नव्हत्याच, पण बातमी तशी पसरली होती. जाता जाता त्यातली एक म्हणाली, “मॅडम, एक मात्र झालं. तुम्ही डबा नेल्यापासून नेट लई भारी चालतंय. आधी सारखं जायचं.” मी हसले. म्हटलं, डबा भरपूर नेट खात असेल.

उपनिरीक्षक हसली नाही. मुली गेल्यावर तिने मला विचारलं, “मॅडम, डब्याला वायरी कशा लावलेल्या होत्या?”

“मागच्या बाजूने,” मी ठामपणे सांगितलं.

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेले नाही. मग तिने भेंडोळं सोडलं. कॅमेऱ्यांच्या वायरी भिंतीतच राहिल्या होत्या. भेंडोळ्यात होत्या त्या डबा ठेवला होता त्या फळीवरच्या: विजेची, टीव्हीची आणि नेटच्या आखूड दोन. तिने नेटच्या त्या दोन वायरी वेगळ्या काढून टेबलावर ठेवल्या. त्याच फळीवर घराच्या नेटचं राउटरही होतं. नेट एकच, मुलींना आणि मालकाच्या घराला मिळून. डबा आणि राउटर यांच्यामध्ये एक वायर लागते, दुसरी कशाला?

मग तिने मला समजावलं, आणि मी पहिल्यांदा तोंड मिटून ऐकलं. कॅमेऱ्यांच्या वायरी डब्याच्या पाठीतल्या छिद्रांत येतात. डबा त्यांना स्वतःचे, घरच्या नेटपेक्षा वेगळे पत्ते, म्हणजे नेटवरचे नंबर, वाटतो. त्यामुळे घरातल्या संगणकावरून शोधलं तर फक्त डबा दिसतो, कॅमेरे दिसत नाहीत. ते डब्याच्या पाठीमागे लपलेले. कॅमेरा बघायचा तर डब्यालाच विचारावं लागतं आणि डबा पासवर्ड मागतो. पण पाठीतल्या एखाद्या रिकाम्या छिद्रातून एक वायर राउटरला जोडली, तर कॅमेरे थेट घरच्या नेटवर येऊन बसतात. जाणकार माणूस आपल्या संगणकाला त्यांच्या जातीचा एक पत्ता देतो आणि डब्याला न विचारता कॅमेऱ्यात शिरतो. कॅमेऱ्याला स्वतःचा पासवर्ड असतो, पण शहागंजवाल्याने तो कारखान्यातून आला तसाच ठेवला होता. डब्याच्या नोंदीत यातलं काहीच उतरत नाही.

“आणि नेट का जायचं?” मी विचारलं.

“पत्ते वाटणारे दोघं झाले ना. मुलींच्या फोनला कधी राउटर पत्ता द्यायचं, कधी डबा. डब्याचा मिळाला की नेट बंद.”

मी लगेच उठले आणि टोपी घातली. ती म्हणाली, “कुठं निघालात? ती दुसरी वायर कुठल्या छिद्रात होती?”

मी टोपी काढली. ते माझ्याच पंचनाम्यात असायला हवं होतं. तिथे भेंडोळं होतं. कोर्टात वकील म्हणाला असता, ही वायर मावशींच्या जुन्या संगणकाची होती. आणि माझ्याकडे बोलायला तोंड नसतं.

त्या दिवशी घरी जाऊन मी पोहे केले, करपवले, तेच खाल्ले. बाजाराला आता थोडेच दिवस उरले होते. सकाळी मात्र डोकं जागेवर आलं. वायर कुठे होती हे मला माहीत नव्हतं, पण एका माणसाला माहीत होतं. ती नाही म्हणून अडचण होणार तीही त्या एकालाच. बाकी सगळ्यांचं तर नेट सुधारलं होतं.

मी काकांना बोलावलं आणि डबा परत दिला. रीतसर पावती, सही. उपनिरीक्षक मावशींची भाची म्हणून साध्या कपड्यांत सोबत गेली. डबा एकाच वायरीने जोडला. टीव्हीवर चारही कॅमेरे स्वच्छ दिसले. मावशींनी देवाला हात जोडले, काका म्हणाले, फार छान. रात्री काका झोपल्यावर मी आणि दोन पंच गुपचूप शेजारच्या खोलीत येऊन बसलो. दार किलकिलं, समोर फळी.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. अंगणात कळशांचा आवाज सुरू झाला. भाची झालेली उपनिरीक्षक खाली बसून मेथी निवडत होती. थोड्या वेळाने काका आले. मावशींना म्हणाले, “नेट बिघडलंय हो. मुलींच्या तक्रारी आहेत.”

अख्ख्या आवारात एकाही मुलीची तक्रार नव्हती.

मावशींनी, पढवल्याप्रमाणे, म्हटलं की मला त्यातलं काही कळत नाही, तुम्हीच बघा. काका फळीजवळ गेले. ज्या माणसाला मोबाइलची रिंग बदलता येत नव्हती, त्याने सदऱ्याच्या खिशातून एक आखूड वायर काढली. एक टोक राउटरमध्ये घातलं. दुसरं टोक हातात घेऊन डब्यामागे हात नेला आणि तोंडाने मावशींशी उन्हाबद्दल बोलत, मागे न बघता, बोटांनी चाचपून बरोबर शेवटच्या रिकाम्या छिद्रात बसवलं. टक्‌ असा आवाज झाला. तो मला दारामागे ऐकू आला.

या वेळी पंचनामा मी मान खाली घालून लिहिला. प्रत्येक वायरीला चिठ्ठी, प्रत्येक छिद्राला आकडा, प्रत्येकाचा फोटो.

चौकशीत काका डगमगले नाहीत. कॅमेरे माझे, घर माझं, नेट माझं, म्हणाले. नेट दुरुस्त करायला वायर लावली, त्यात गुन्हा कसला? मोठ्या आवाजाने अशी माणसं फुटत नाहीत. मी आयुष्यभर ओरडून जेवढं काढलं नाही तेवढं बावळट दिसून काढलं आहे आणि त्या आठवड्यात मला बावळट दिसायचा चांगलाच सराव झाला होता. कागद-पेन पुढे सरकवलं. म्हटलं, काका, आमच्या त्या सायबरच्या पोरीने काय काय सांगितलं, मला ओ की ठो कळलं नाही. ती म्हणते तुम्हाला असलं काही जमणारच नाही, दुसऱ्याच कुणीतरी करून दिलंय.

हे त्यांना लागलं. कारखान्यात ते मालाची मोजदाद करत असावेत, असा सगळ्यांचा समज होता. पेन उचलून त्यांनी डबा काढला, राउटर काढलं, मधे दोन रेघा ओढल्या. “कुणी कशाला करून देईल? सगळ्या कारखान्याचं नेटवर्क मी टाकलं होतं, बाई. डबा म्हणजे पुढचं दार. कुलूप मावशीचं. मी आत जायला मागून दार पाडलं.” आणि मग, एकदा सुरू झाल्यावर, बाकीचं. मी त्या पोरींच्या भल्यासाठी बघत होतो. आईबाप लांब आहेत. कुणीतरी लक्ष ठेवायला नको? आणि ती एक तर फारच वर तोंड करून बोलायची.

म्हणजे तेच पाण्याच्या पाइपचं भांडण. तिथपर्यंत मी त्यांना नेलं नव्हतं, ते स्वतः गेले.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. पण आरोपीने सांगितलेल्या जागेवरून वस्तू निघाली, तर ते निघणं चालतं. हरवलेलं सिम त्यांच्या स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात निघालं, लॅपटॉप देवघराखालच्या कपाटात. त्यात चारही कॅमेरे उघडे. पाळत ठेवणं, निनावी धमकी आणि संगणकात विनापरवाना शिरणं, असा गुन्हा दाखल झाला. कोर्टात तो टिकला तो छिद्रांच्या आकड्यांवर.

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. वायर मोजायला शिकवलं, हे पहिलं. दुसरं असं की, मुली जेव्हा सहज काहीतरी सांगतात, नेट बरं चालतंय, पाइपवरून भांडण झालं होतं, तेव्हा हसण्याआधी ऐकावं. आणि तिसरी गोष्ट मला कुठल्या साहेबाने शिकवली नाही.

बाजाराच्या दिवशी मुलीचा बाप आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, अधूनमधून मान हलवत होता. मुलगीही भरलेली बॅग घेऊनच आली होती आणि ती बॅग माझ्या टेबलाशेजारी होती. मला वाटलं, आता हा बॅग उचलेल आणि म्हणेल, फोन करणारा वाईट होता, पण सांगत होता ते खरंच ना. पोरगी फोनवर हसतच होती. तेवढं तर माझ्या तपासातही खोटं ठरलं नव्हतं.

त्याने बॅग उचलली आणि मुलीच्या हातात दिली. म्हणाला, जा, परीक्षा दे. मुलगी माझ्याकडेही न बघता रस्ता ओलांडून वसतिगृहाकडे निघून गेली.

आणि तरी मला राहवलं नाही. इतकं सगळं होऊन त्या इन्स्पेक्टर बाईंची खोड काही गेली नव्हती. मी त्याला हळूच विचारलं, काय हो, मग ती फोनवर बोलत कुणाशी होती, ते विचारलंत का तिला?

तो पायरीवर थांबला. वळून माझ्याकडे बघत म्हणाला, “बाई, ते मला कळून घ्यायचंच आसतं, तर मी त्या माणसाचाच फोन उचलीत बसलो नसतो व्हय?”